एका वेळी एकाच इसमाने

सिडकोने १९७० नंतरच्या दशकात आमच्या शहराच्या ईशान्येकडील माळावर एन-१, एन-२ अशा आकडेवार नावांच्या वसाहती आखावयास घेतल्या, तेव्हा प्रत्येक रो-हाऊसपुढे थोडीशी मोकळी जागा राखण्याचे औदार्य दाखविले; आणि त्या औदार्याचा विनियोग येथील गृहस्थांनी इतक्या चोखपणे केला की, आज त्या जागेत तुळशीवृंदावन, कढीपत्ता, एक शेवगा, जमिनीखालचा हौद, त्याची मोटार, चार निळे ड्रम, दोन दुचाक्या आणि आच्छादन घातलेली एक चारचाकी एवढी स्थावर-जंगम मालमत्ता गुण्यागोविंदाने नांदत असून, एखाद्या मांजरास तेथे वळावयाचे झाल्यास त्याने आधी लेखी अर्ज करावा, अशी परिस्थिती आहे. या जागेस आम्ही बाग म्हणतो. अशा बागेत ट्रॅम्पोलीन ठेवावे ही कल्पना येथे राहणाऱ्या मनुष्याच्या मस्तकात उद्भवणे शक्य नव्हते. ती अमेरिकेतच उद्भवू शकत होती, आणि तेथेच ती उद्भवली.

आमच्या वसाहतीतील एक चिरंजीव बरीच वर्षे तिकडे टेक्सास प्रांती वास्तव्यास आहेत. तिकडे घरामागे हिरवळ असते, हिरवळीवर ट्रॅम्पोलीन असते आणि त्यावर मुले संध्याकाळपर्यंत उडत असतात, हे पाहून त्यांचे अंतःकरण इकडील पुतण्या-भाच्यांसाठी द्रवले व त्यांनी तिकडे बसल्या बसल्या दहा फूट व्यासाचे एक ट्रॅम्पोलीन इकडे पोहोचते केले. तीन खोकी आली. त्यांतून लोखंडी नळ्या, स्प्रिंगा, काळी चादर, स्प्रिंगांवर घालावयाची निळी गादी, उंच जाळी, छोटी शिडी आणि सूचनांचे एक चोपडे निघाले. नळ्यांचा ताबा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांनी घेतला, शिडीचा मुलांनी, आणि चोपड्याचा मी. कारण कागद हाती आला की तो अखेरच्या ओळीपर्यंत वाचावयाचा, ही महसूल खात्यातील जुनी खोड माझ्या अंगी पेन्शनीबरोबरच कायम झालेली आहे.

चोपड्यात प्रथमच लिहिले होते की साधनाच्या चोहोबाजूंनी पाच-सहा फूट जागा मोकळी असावी, डोक्यावर विजेच्या तारा वा झाडाच्या फांद्या नसाव्यात, आणि खाली फरशी वा काँक्रीट नसून माती किंवा हिरवळ असावी. म्हणजे दहा फुटांच्या वर्तुळास वीस फूट लांबीरुंदीचा चौक. एवढा चौक आमच्या ओळीत कोणाच्याच मालकीचा नसल्यामुळे प्रकरण साहजिकच वसाहतीच्या सार्वजनिक मोकळ्या जागेकडे वर्ग झाले. आता आमच्याकडील मोकळ्या जागेचे हक्क फार पुरातन शिरस्त्याने ठरलेले असतात: अव्वल हक्क मारुतीच्या देवळाचा, त्याखालोखाल गणपतीच्या मांडवाचा, मग ज्यांची चारचाकी घरात मावत नाही त्यांचा, आणि एवढे करून काही उरले तर ते मुलांचे. शिवाय मध्यंतरी कोणा लोकप्रतिनिधीच्या कृपेने या जागेच्या निम्म्या भागावर पेव्हर ब्लॉक बसविण्यात आले होते. उरलेल्या निम्म्यात, देवळाच्या मागे, एक मातीचा तुकडा सर्वांच्या नजरेतून सुटून शिल्लक राहिला होता. तेथे स्थापना झाली, नारळ फुटला, आणि नारळाचे पाणी नव्या चादरीवर सांडल्याने पहिली उडी घेणारा मुलगा तेथेच घसरून बसला.

या साधनाचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. अमेरिकेतील आयोवा प्रांतीचा जॉर्ज निस्सेन नावाचा एक कसरतपटू पोरवयात सर्कशीस गेला असता, झोपाळ्यावरील कसरती आटोपून खेळाडू खालच्या संरक्षक जाळीत अंग टाकतात आणि जाळी त्यांना हलकेच पुन्हा वर फेकते, हे पाहून त्यास वाटले की मूळ खेळापेक्षा हे पडणेच अधिक रम्य आहे. १९३० नंतरच्या दशकात लॅरी ग्रिसवोल्ड या आपल्या प्रशिक्षकाच्या साह्याने त्याने लोखंडी चौकटीवर ताणलेली चादर सिद्ध केली व पुढे तिचा कारखाना काढला. १९६० साली त्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका कांगारूला सोबत घेऊन त्यावर उड्या मारून दाखविल्या. आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी १८८० सालीच सर्कस उभी केली होती, आणि त्यांच्यामागून कित्येक मराठी सर्कशींचे तंबू देशोदेशी लागले. परंतु पडणाऱ्या मनुष्याकडे पाहून त्यापासून व्यापार निर्माण करावा, हे आमच्यापैकी कोणास सुचले नाही. आम्ही पडणाऱ्यास हळद लावली. असो. मौजेची गोष्ट एवढीच की, मनुष्य पडून मरू नये म्हणून बांधलेल्या जाळीपासून जे खेळणे निघाले, त्याच्याभोवती आज मनुष्य पडून मरू नये म्हणून पुन्हा एक जाळी बांधावी लागते.

आणि ही जाळीदेखील पुरेशी नाही, असे त्याच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे म्हणणे आहे. या मंडळींनी १९७७ पासून ट्रॅम्पोलीनविरुद्ध मोहीम उघडली असून, १९९९ साली आणि पुन्हा २०१२ साली त्यांनी घरगुती ट्रॅम्पोलीनच्या वापरास आपली असंमती स्वच्छ शब्दांत नोंदविली. तज्ज्ञ प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चालणारा अभ्यास त्यांनी वगळला. परसातील उड्यांना मात्र सूट दिली नाही. जाळ्यांनी आणि गाद्यांनी दुखापती म्हणाव्या तशा घटलेल्या नाहीत, उलट त्यामुळे आईबापांच्या मनात एक फसवी निश्चिंती तेवढी वाढते, असा त्यांचा अभिप्राय आहे. त्यांच्या कागदपत्रांतील आणखी एका नोंदीने मला फार अंतर्मुख केले: झालेल्या दुखापतींपैकी एकतृतीयांशापासून निम्म्यापर्यंत दुखापती वडील माणूस समक्ष हजर असताना झालेल्या आहेत. म्हणजे माझ्यासारखा पेन्शनर खुर्ची टाकून बसला, एवढ्याने मुलाचा गुडघा वाचत नाही. फार तर पंचनाम्यास एक साक्षीदार मिळतो.

सगळ्या अनर्थाचे मूळ मात्र एकच आहे. सुमारे तीनचतुर्थांश दुखापती एकाहून अधिक मुले एकाच वेळी उडत असताना होतात, आणि त्यांत सर्वांत लहान, सर्वांत हलके मूल असेल, त्यास इजा होण्याचा संभव मोठ्याच्या चौदा पटींपर्यंत असतो. याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. थोराड मुलगा उतरतो तेव्हा चादर खोल दबते. ती उसळी घेऊन वर येत असतानाच लहानगे मूल खाली येत असेल, तर वर येणारी ती चादर त्याला मऊ राहत नाही, थोरल्याच्या वजनाचा सगळा जोर घेऊन ती त्याच्या तळपायांवर आदळते. मूल अपेक्षेपेक्षा दुप्पट उंच फेकले जाते, किंवा गुडघ्याखालचे नडगीचे कोवळे हाड जागच्या जागी तडकते. न पडता, न आपटता, जाळीच्या आत, गादीच्या मध्यभागी, सुरक्षिततेच्या सर्व अटींची पूर्तता होत असताना ते तडकते, हे विशेष. सहा वर्षांखालील मुलांस मज्जाव असावा असे जे सांगतात, ते याच सबबीवरून.

आमच्या भागातील वाचकांस हे तत्त्व समजावयाला पदार्थविज्ञानाची गरजही नाही. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून उडी मारली ती आमच्या देवगिरीवर येऊन पडली, आणि काही वर्षांनी तो तसाच उसळून परत दिल्लीस गेला. सुलतानास स्वतःस दोन्ही वेळा खरचटलेसुद्धा नाही. जे काही मोडले ते त्याच्याबरोबर उडावे लागलेल्या हलक्या वजनाच्या प्रजेचे मोडले. सहाशे-सातशे वर्षे आम्ही या घटनेस लहर म्हणत आलो. वस्तुतः ते एकाच चादरीवर असमान वजनाच्या इसमांनी एकसमयावच्छेदेकरून उडणे होते.

तेव्हा सुरक्षिततेचा इत्यर्थ एवढाच की, एका वेळी एकाने उडावे. जाळी विकत मिळते, गादी विकत मिळते, वाळूच्या पोत्यांनी पाय जखडता येतात. परंतु हा नियम कोणत्याही खोक्यातून येत नाही, आणि नेमका तोच पाळणे आमच्या जीवनपद्धतीत बसत नाही. आमच्याकडे एकट्याने करावयाची म्हणून कोणती क्रिया आहे? एका ताटात चार भावंडे जेवतात, एका दुचाकीवर पाच जण छावणीतून सिडकोपर्यंत येतात, डॉक्टरांच्या तपासणी-खोलीत रोग्याबरोबर त्याची आई, आत्या आणि शेजारीण असतात. अशा समाजातील एखाद्या बालकास, बाकी सारी मुले जाळीला नाके लावून पाहत असताना, एकट्यानेच चादरीवर उभे करावयाचे म्हणजे त्याला कोणत्या तरी अपराधाबद्दल शिक्षा फर्मावण्यासारखे आहे. ते मूल उडत नाही. ते मध्यभागी उभे राहून रडवेल्या आवाजात दादाला हाक मारते.

थोरांचा कल तर उघडउघड गर्दीकडे असतो. "चढू द्या की हो आबा, धाकट्यालाही! तो बिचारा कव्हाचा खाली उभा राहिलाय," असे एखादी माउली मला दुरून बजावते, आणि तिच्या म्हणण्यात वात्सल्याखेरीज काहीही नसते. थोरल्यास ताकीद मिळते ती अशी: "धाकट्याचा हात धरून उड्या मार रे, पडंल त्यो." हात धरून उड्या मारणे हा अस्थिभंगाचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, हे त्या माउलीस कोणत्या भाषेत सांगावे? घाटी रुग्णालयाच्या अस्थिव्यंगोपचार विभागात गुडघे धरून बसलेल्या मुलांपैकी कितीकांचा हात त्या क्षणी कोणीतरी प्रेमाने धरलेला असेल, हा विचार मी मनातच ठेवतो.

अखेर वसाहतीच्या चिटणीसांच्या सूचनेवरून मी एक जाहीरनामा लिहून काढला. त्यातील मुख्य मजकूर असा होता: "तमाम रहिवासी, त्यांचे पाल्य, पाहुणे व पाहुण्यांचे पाल्य यांस कळविण्यात येते की, सदरहू साधनावर एका वेळी एकाच इसमाने, पादत्राणे, बांगड्या, किल्ल्या, मोबाइल व खाद्यपदार्थ यांवाचून चढावे. सहा वर्षांखालील इसमांस मज्जाव आहे. पुढील वा मागील कोलांटउडी सक्त मना आहे. आत गेल्यावर जाळीची चेन लावून घेण्यात यावी. खेळ आटोपताच शिडी काढून चिटणीसांचे स्वाधीन करावी. कसूर करणाऱ्याची मुभा आठ दिवसांपर्यंत जप्त होईल." हा मजकूर देवळाच्या भिंतीवर लागताच हरकतींचा ओघ सुरू झाला. एका आजीबाईंनी आपल्या नातीस इसम म्हटल्याबद्दल तीव्र नापसंती दर्शविली. जुळ्या मुलांच्या मातोश्रींनी, दोघांची जन्मतारीख, रक्तगट व शाळेचा डबा एकच असल्याकारणाने त्यांस एकच इसम समजण्यात यावे, असा अर्ज गुदरला. एका वडिलांनी कोलांटउडीवरील बंदी उठवावी म्हणून मोठा आग्रह धरला. त्यांचे म्हणणे की ट्रॅम्पोलीन २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून ऑलिंपिक खेळ झालेला असून, आपल्या पाल्याचे भवितव्य मी रोखून धरीत आहे. कोलांटउडी चुकली तर भार मानेवर येतो आणि मान एकदाच मोडते, हे सांगून त्यांचे समाधान झाले नाही; तेव्हा मी त्यांस गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल आणि विद्यापीठाच्या आवारातील क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र यांचे पत्ते दिले आणि म्हटले, "साहेब, आधी तिथं जिम्नॅस्टिक्सला घाला. उडी मारण्याआधी गुडघे वाकवून थांबायचं कसं, ते शिकवतील." थांबण्याच्या शिक्षणात त्यांस स्वारस्य दिसले नाही.

या जाहीरनाम्याची अंमलबजावणी माझ्याकडे आली, आणि काही दिवस ती बरी चालली. मुले ओळीत उभी राहत, मी घड्याळात पाहून दोन-दोन मिनिटांची मुदत देत असे, आणि "आबा, माझा नंबर कव्हा?" या प्रश्नास कार्यालयीन गांभीर्याने उत्तर देत असे. परंतु मी ज्या व्यवस्थेचा भाग होतो, तिच्यापेक्षा मोठी एक व्यवस्था या शहरावर राज्य करते. ती म्हणजे नळाचे पाणी. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी येथे जमिनीखालून नहरी आणल्या आणि पाणी आपल्या पायांनी शहरात चालत आले. आम्ही ते पन्नासेक किलोमीटरांवरील पैठणच्या नाथसागरातून यंत्रांच्या बळावर आणतो, आणि ते आठवड्यातून कधी येईल हे साक्षात नाथमहाराजांनाही सांगता यावयाचे नाही. अशा स्थितीत संध्याकाळी साडेपाचला, ऐन गर्दीच्या वेळी, कोपऱ्यावरून "पाणी आलं!" अशी आरोळी उठते, आणि त्या क्षणी संपूर्ण वसाहतीतील सज्ञान लोकसंख्या मोटारीचे बटण, पाइपाचे तोंड आणि हौदाचे झाकण यांच्या दिशेने धावत सुटते. खुर्चीवरील पर्यवेक्षकही सज्ञानच असतो. पुढील पाऊण तास ट्रॅम्पोलीनवर कायद्याचे राज्य राहत नाही. उपअभियंत्यांनी एकदा आपल्या गच्चीवरून टाकी भरता भरता खाली पाहिले, तेव्हा त्यांस चादरीवर अकरा मुले, एक कुत्रा आणि क्रिकेटची बॅट मोजता आली. कुत्र्याने तेवढी जाळीची चेन ओलांडली नव्हती. तो खालून आत शिरला होता.

उन्हाळ्यात मात्र हा प्रश्न आपोआप सुटला, आणि तो सोडविण्याचे श्रेय कोणाही तज्ज्ञास देता येणार नाही. एप्रिल उजाडताच येथील पारा चाळिसाच्या घरात जातो आणि काळी चादर अशी तापते की दिवस मावळेपर्यंत तीवर अनवाणी पाय टेकवत नाही. याच गुणाची पारख वसाहतीतील महिलांना झाली. चोहोबाजूंनी जाळी असल्याने कावळ्यांस मज्जाव, खालून वारा खेळता, वरून अखंड ऊन: कुरडया, सांडगे आणि ज्वारीचे पापड यांस याहून प्रशस्त जागा त्रिभुवनात नव्हती. स्वच्छ जुने धोतर अंथरून रोज सकाळी वाळवण पडू लागले, आणि माझ्या जाहीरनाम्याने जे साधले नव्हते ते एका आजीबाईंच्या "खबरदार, कुरडयांवर पाय देशील तर!" या एका वाक्याने साधले. त्या दोन महिन्यांत एकाही बालकास इजा झाली नाही. शिडी तर अगोदरच चिटणीसांच्या ओट्यावर कुंड्यांची मांडणी म्हणून रुजू झालेली होती.

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे वादळ आले आणि ट्रॅम्पोलीन कुरडयांसह उचलले जाऊन देवळाच्या शिखराला टेकून उभे राहिले. जाळी वाऱ्याला शिडाप्रमाणे अडवते. म्हणून असे साधन जमिनीत खुंट्या ठोकून बांधावे लागते. उपअभियंत्यांनी तसा यत्न केला. परंतु या भागात वीतभर मातीखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा पाषाण लागतो. त्याच पाषाणात राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या कारागिरांनी वेरूळचे अख्खे कैलास लेणे खोदले हे खरे; पण त्यांच्या हाती पिढ्यांचा वेळ होता आणि आमच्या हाती दोन छिन्न्या. शेवटी प्रत्येक पायावर वाळूची दोन-दोन पोती टाकण्यात आली, आणि ती उपाययोजना आजतागायत टिकून आहे. उन्हाने विरलेली जाळी मात्र बदलावी लागली. प्लॅस्टिकचा धागा दोन उन्हाळ्यांत बोटाने तुटू लागतो, आणि तुटेपर्यंत तो शाबूत दिसतो, हे ज्यांच्याकडे असे साधन आहे त्यांनी लक्षात ठेवावे. स्प्रिंगांचा गंजही वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर पाहावा.

नवरात्रात नातवंडांना घेऊन मी कर्णपुऱ्याच्या यात्रेस गेलो, तेव्हा या सर्व प्रकरणावरील निकाल मला अवचित मिळाला. देवीच्या दर्शनाची रांग, आकाशपाळणे, मौत का कुआँ आणि भज्यांचे घाणे यांच्यामध्ये चार ट्रॅम्पोलीने मांडलेली होती. प्रत्येकावर एकच मूल. त्याच्या कमरेस पट्टा, पट्ट्यास दोन्ही बाजूंनी रबरी दोर, आणि समोर कळकट बनियन घातलेला एक तरुण मालक, एक डोळा मुलावर आणि एक डोळा घड्याळावर ठेवून उभा. मी त्यास म्हटले, "या दोघा भावांना एकत्र सोडा की, लहान हायेत." तो माझ्याकडे अशा काही नजरेने पाहू लागला की जणू मी त्याच्या पोटावर पाय देत आहे. "काका, एका पोराचं एक तिकीट," तो म्हणाला, "दोघं एकावर सोडली तर माझं काय उरलं?" पाच वर्षांच्या धाकट्यास त्याने कमरेस सैल पडणारा पट्टा दाखवून परतच पाठविले, पैसे घेतले नाहीत. बालरोगतज्ज्ञांची अकादमी जे पस्तीस वर्षे घसा कोरडा करून सांगत राहिली, ते या तरुणाने तिचे नाव न ऐकता अक्षरशः अमलात आणले होते, कारण जेथे प्रेम दोन मुलांना एकत्र चढविते, तेथे व्यापार त्यांना वेगवेगळे चढवितो.

तेव्हा वाचकांपैकी ज्या कोणास आपल्या मुलांकरिता असे साधन आणण्याची बुद्धी होईल, त्यांनी आधी अंगण मोजावे, मग घरातील मुले मोजावीत, आणि मुलांचा आकडा एकाहून अधिक निघाल्यास तोच पैसा दर नवरात्रात कर्णपुऱ्यास थोडा थोडा खर्चावा. एवढे सांगूनही ज्यांना ते आणावयाचेच असेल, त्यांना माझी एकच विनंती आहे: शिडी रोज रात्री घरात घ्यावी, आणि पाणी येण्याच्या दिवशी ती दिवसभर घरातच ठेवावी.